दाबून भरलेली वाटी

पीठ मापानं घ्यावं की वजनानं, या प्रश्नावर मी एकदा सख्ख्या बहिणीचा संसार पणाला लावला होता.

सुमीची लग्नानंतरची दुसरी दिवाळी. पहिली रीतीप्रमाणे माहेरी, शिवाजी पेठेत झाली. त्यामुळे शिरोळला सासरी तिच्या हातच्या चकलीची परीक्षा यंदाच होती. (सुनेची चकली बिघडली की नाव तिच्या आईचं निघतं!) तिनं आमच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. आईनं सांगितलं, जितक्या वाट्या भाजणी, तितक्याच वाट्या उकळतं पाणी. वाटी कुठलीबी घे. तेवढ्यावर फोन ठेवला असता, तर सगळं गोड झालं असतं.

पण मी घरातला पहिला पदवीधर, तोही बी.एस्सी. आईबाबांनी हाल सोसून शिकवलं, त्याचा घराला काही उपयोग व्हावा म्हणून मी नुसता तळमळत होतो. ‘वाटी कुठलीबी’ हे काय शास्त्र झालं? मी फोन हिसकावून घेतला आणि सुमीला थांबायला सांगितलं. भाजणी ग्रॅममध्ये, पाणी मिलिलिटरमध्ये काढून देतो म्हणालो.

वाटीत भाजणी भरली. मनाला पटेना. वाटी ओट्यावर आपटली, तर पीठ खाली बसलं! म्हणजे आत हवा होती. आणखी पीठ घातलं, पुन्हा आपटली, वर अंगठ्यानं दाबलं.

“आरं, दाबतोस कशाला?” आई म्हणाली.

“आई, हवा तळायची नसते.”

तिनं कपाळाला हात लावला. (मला तो विजय वाटला.) मग वाटी छातीशी धरून वाण्याकडे धावलो, ऐन गर्दीत तराजू अडवला आणि ते वजन, शिवाय त्याच वाटीभर पाण्याचे मिलिलिटर शिरोळला कळवले.

त्यानंतर सुमीचा फोनच नाही. मला चैन पडेना. चकल्यांची काळजी नव्हतीच. आभार कसे मानले नाहीत अजून, याची होती!

भाऊबीजेला शिरोळ गाठलं. ओवाळून झाल्यावर सुमी आत गेली, ती बाहेरच येईना. तिच्या सासूबाईंनी लाडू दिला, शेव दिली. शेवटी मीच विषय काढला, की चकल्या दिसत नाहीत कुठं. सासरे खोकले. डबा आला. मी चकली चावली. चकलीनं काही मनावर घेतलं नाही.

“च्यात बुडवा, पावणं,” दाजी हळूच म्हणाले. “आमी तसंच खातोय.”

मी चकली उलटीपालटी करून पाहिली. इतकं अचूक वजन देऊनही सुमीनं असं करावं? शिक्षणाची लाज राखायला मी घाईघाईनं खुलासा केला, की वजनात चूक असणं शक्य नाही, ते मी स्वतः काढलंय. कसं काढलं, तेही हातवारे करून दाखवलं: वाटी अशी आपटली, अंगठा असा दाबला.

सासूबाई माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

“दाबून भरल्यालं ज्यादा पीठ, आन पाणी तेवढंच?”

“हो! हवा सगळी काढून टाकली.”

त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. “सुमन, ये गं भाईर. चार दिस उगंच बोलले तुला. तुझं न्हाय चुकलं, आन तुझ्या आईचंबी न्हाय.”

सुमी बाहेर आली, ती हसतच. माहेरचं नाव इतकं झटपट निर्दोष सोडवणारा वकील अख्ख्या शिरोळात मिळाला नसता. आपण वकिली करतोय एवढंच काय ते वकिलाला ठाऊक नव्हतं. तो अजून अंगठा दाखवत होता.