नातेवाईक नसलेलं मेडिकल कॉलेज

"पहिल्या नंबरवर घराजवळचं टाका, मॅडम. आणि दुसऱ्या नंबरवर काही टाकूच नका," परब म्हणाले.

मी अंधेरीत मेडिकल अ‍ॅडमिशनचं काउन्सेलिंग करते. म्हणजे मुलांना कुठलं कॉलेज मिळेल ते सांगायचं आणि त्यांच्या आईबापांचं भांडण सोडवायचं. पहिलं काम सोपं असतं. परब एअरपोर्टवर सुपरवायझर, घर वाकोल्याला. सोबत बायको सुवर्णा आणि मुलगी तन्वी.

मी नेहमीचं सांगायला घेतलं. प्रेफरन्स भरायचे म्हणजे कॉलेजांचा क्रम लावायचा. कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो. जिथे तुमचा नंबर लागतो, तिथे थांबतो. खालच्या कॉलेजांकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून मनातलं कॉलेज सगळ्यात वर टाकायचं.

"कोणाच्या मनातलं?" तन्वीने विचारलं.

झालं! सुवर्णाताईंचं म्हणणं डब्यापुरतं होतं. "मेसचं खाऊन डॉक्टर व्हायच्या आधी पेशंट होईल ही."

"मॅडम, वन रूम किचनमध्ये आम्ही चौघं," तन्वी म्हणाली. "धाकट्याचा गेम, पप्पांच्या बातम्या, आईचा कुकर, आणि त्यात माझं बायोलॉजी. मी आजवर एकटी अशी कधी बसलेलीच नाही. मला लांब जायचंय."

"गप रव गो," परब म्हणाले.

"घरी जाऊन बोला," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळी लिंक बंद होतेय. मग माझ्या नावाने ओरडू नका."

दुसऱ्या दिवशी परब दोघींना घेऊन हसत हसत आले. "तळकोकणातलं कॉलेज पहिलं टाका, मॅडम. लांब तर लांब!" तन्वीने तर त्यांना मिठीच मारली. मला मात्र शंका आली. एका रात्रीत बदललेला बाप मी या धंद्यात अजून पाहिलेला नाही.

"कसं काय जमलं?" मी विचारलं.

"अहो, कॉलेजपासून आमचं गाव रिक्षाने एवढंसं! काकी आहे, समोर आते, मामा एसटी डेपोत. होस्टेल हवंय कशाला? काकीने खोली झाडून पण ठेवली."

तन्वीचा चेहरा पडला. "पप्पा, तिकडे मी आइस्क्रीमचा कोन घेतला ना, तर तो संपायच्या आत वाकोल्याला फोन येतो! त्यापेक्षा मला जवळचंच द्या."

"आता जवळचं नाही! लांबच जायचं!" परब कडाडले.

म्हणजे काल जवळ म्हणणारा आज लांब म्हणत होता, लांब म्हणणारी जवळ, आणि लिंक काही कोणासाठी थांबणार नव्हती. माझं डोकं सटकलं. भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर मी पट्टी आपटली.

"बस्स! तुमचं कोणीही राहत नाही असं गाव सांगा."

दोघं नवरा-बायको नकाशासमोर उभे राहिले. कोल्हापूरला मेहुणा. नाशिकला वहिनीची बहीण. नागपूरलाही एक मावशी निघाली, तीही "अगदी सख्ख्यासारखी". पट्टी सरकत सरकत विदर्भाच्या पार टोकाला पोचली. तिथल्या कॉलेजात तन्वीचा नंबर लागत होता.

"इथे आपलं कोणीच नाही हो," सुवर्णाताई हळूच म्हणाल्या.

"तेच!" तन्वी ओरडली.

परब खाली बसले. "आजारी पडलीस तर?"

"पप्पा, मेडिकल कॉलेज आहे ते. सगळा महाराष्ट्र सोडून तिथेच आजारी पडावं माणसाने."

परबांना हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसले त्यांनी, आणि मला भरून आलं. खोटं कशाला सांगू? मी क्रम लावला: विदर्भ, मग घराजवळचं, काकी सगळ्यात शेवटी. फॉर्म पक्का करायचा ओटीपी परबांच्या मोबाइलवर आला. त्यांनी चष्मा चढवला आणि एकेक आकडा थांबत थांबत वाचला. मध्ये एकदा लेकीकडे बघितलं. मग राहिलेले आकडे सांगून टाकले.

विदर्भच मिळालं.

तेव्हापासून पालक आले की मी किलोमीटर विचारत नाही. तिकडे तुमचं कोण कोण असतं, हे आधी विचारते. निम्मा फॉर्म तिथेच भरून होतो.

मध्यंतरी सुवर्णाताई जुहूला भेटल्या. म्हटलं, आता ही बाई मला धारेवर धरणार.

"कशी आहे तन्वी?"

"अहो, रोज व्हिडिओ कॉल! आज काय शिकले, मैत्रिणीशी काय झालं, सोलकढी फुटली तर काय करू. घरात होती तेव्हा 'हं' आणि 'नाही' याच्या पलीकडे बोलायची नाही माझ्याशी." त्या जवळ सरकल्या. "मॅडम, धाकटा दहावीला आहे. त्याला पण कुठेतरी लांबचंच बघून ठेवा ना."