मागच्या खोलीतला संप

आम्हा तिघा मित्रांच्या गेम स्टुडिओचं ऑफिस म्हणजे दिल्लीत मयूर विहारमधल्या माझ्या घरच्या फ्लॅटची मागची खोली. वर्षभरात एकही गेम पुरा झाला नाही, तेव्हा बाबांनी बजावलं, "रविवारी गेम दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा."

आमचा गेम फरीदाबादच्या एका कारखान्यातल्या संपाचा होता. त्यात बंदुका नव्हत्या, खजिना नव्हता. मालक धमकावतो, आमिष दाखवतो आणि खेळणाऱ्याने दहा मिनिटं माउस, कीबोर्ड कशालाही हात लावायचा नाही. लावला की संप फुटला. युनियनवाल्या मामाने आणलेली संपाची पत्रकं वाचत वाढलेल्या मला याहून थरारक काही सुचणं शक्यच नव्हतं. अडचण एवढीच, की आम्हा तिघांनाही तो कधी जिंकता आला नव्हता.

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, संपवाल्यांना जन्मभर रिकामटेकडे म्हणत आलेले. ते हाताची घडी घालून लॅपटॉपसमोर बसले.

"काहीच करायचं नाही? बिल्कुल?"

"बिल्कुल."

"मग हा गेम मी ऑफिसात तीस वर्षं खेळलोय."

पगारवाढीचं आमिष आलं, बडतर्फीची नोटीस आली. बाबा ढिम्म. नवव्या मिनिटाला आईने चहाचा कप ठेवायला माउस बाजूला सरकवला. लगेच कारखान्याचा भोंगा वाजला.

"अगं, संप फोडलास तू!" बाबा ओरडले. "आत्ता कुठे मालक नरमत होता!"

मी भीतभीत खोलीचं विचारलं.

"ते नंतर. आधी पहिल्यापासून लाव. आणि तुझ्या आईला आत येऊ देऊ नकोस."