दाबलेला फोम

पाहुणे यायला जेमतेम तासभर उरला होता आणि स्टेजवरच्या कमानीतल्या गुलाबांनी माना टाकल्या होत्या. बाईंचं डोकंच सणकलं. लग्नाचे हॉल फुलांनी सजवण्यात त्यांची हयात गेली होती. अलीकडे त्या हेच काम शिकवायच्याही, आणि त्यांचा पहिला धडा ठरलेला असायचा: फुलं खोचायचा हिरवा फोम पाण्यावर नुसता ठेवायचा, तो आपणहून बुडतो. हाताने दाबला तर वरून ओला दिसतो, पण पोटात कोरडा राहतो आणि फुलं तहानेने मरतात.

बाईंनी कमानीतला फोमचा एक ठोकळा उपसून मधोमध मोडला. आत ठणठणीत कोरडा.

"कुणी दाबला हा?" बाई कडाडल्या. मदतीला आलेल्या चारही विद्यार्थिनींची पाचावर धारण बसली.

शेवटी त्यांच्यातली सर्वांत जुनी खाली बघत म्हणाली, "बाई, तुम्हीच. सकाळी फोनवर भांडता भांडता एकेक ठोकळा दाबत होतात."

बाईंना तो फोन आठवला, आणि टबातला आपला हातही.

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मागे एकदा चूक दाखवली होती. तुम्ही मला महिनाभर नुसते देठ छाटायला बसवलंत."

बाईंनी बाह्या सरसावून टब तिच्यापुढे सरकवला.

"चल, नवे ठोकळे भिजव. आणि माझा हात पाण्याजवळ आला की फटका मार. मारला नाहीस, तर गाठ माझ्याशी आहे."