तोडणीच्या यादीतली एक ओळ

सांगलीच्या संगणक परिषदेत माझ्या प्रोग्रामवर निबंध वाचायला या, असं पत्र आलं तेव्हा मी फलटणकडच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात कॉम्प्युटरवर होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याची यादी काढणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, इतका सरळ. तरी दर हंगामात लोक खिडकीशी येऊन म्हणत, यादीत गडबड आहे. मी सगळ्यांना एकच सांगे, "मशीनला पाव्हणे-रावळे नसतात."

वडीलही त्याच कारखान्याचे सभासद, पण अगदी अलीकडचे. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी थोडा ऊस लावला आणि मला शिकवलं. आमचा ऊस दरवर्षी गावात शेवटी तुटायचा, तोवर त्याला तुरा येऊन वजन घटलेलं असायचं. "आपलाच नंबर कायम तळाला कसा रं?" त्यांनी एकदा विचारलं. मी त्यांनाही मशीनचंच उत्तर दिलं. त्यानंतर यादीचा विषय त्यांनी माझ्यापाशी काढला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. परिषदेत एक दिवस 'मुक्त सॉफ्टवेअर'साठी होता. निबंध वाचणाऱ्याने प्रोग्रामच्या ओळी सर्वांना दाखवायच्या आणि फ्लॉपीवर द्यायच्याही, अशी अट. आमच्या शेतकी अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, पण म्हणाले, "सगळं उघडं करून येऊ नका. उद्या कुणीबी चालवील, मग तुम्हाला कोण विचारतंय?" वडील एसटीपर्यंत सोडायला आले. जेवण आणि एक सीडी मोफत मिळेल, असं पत्रात होतं. "जेवान फुकट, शीडी फुकट. मिल्ट्रीत एक शिकलो, फुकट आलेलं आधी उलटं करून बघायचं."

तिथं पोचताच लिनक्स नावाच्या मोफत संगणक प्रणालीची सीडी हातात पडली. सही कुठं करायची, मी विचारलं. सही नकोच होती. माल देऊन सही न घेणारा माणूस मी कारखान्यात कधी पाहिला नव्हता. माझा संशय तिथंच दुप्पट झाला. फ्लॉपी शर्टाच्या खिशात होती. जेवताना डावा हात खिशावर ठेवूनच जेवलो. कॉपी करून घेणाऱ्याच्या खुर्चीमागे मी उभाच राहिलो, तेव्हा तो म्हणाला, "बसा की साहेब, पळून जात नाही तुमचा ऊस घेऊन."

दुपारी माझी पाळी आली. पारदर्शक कागदावरच्या ओळी भिंतीवर मोठ्या होऊन उमटल्या. पुढच्या रांगेत तिथल्याच कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या भाषण ऐकत नव्हत्या, भिंत वाचत होत्या. ही बाई चोरून उतरवून घेतेय, असंच मला वाटलं.

"लागणीची तारीख दोघांची एकच असेल तर?" त्यांनी विचारलं.

"मग सभासद क्रमांकाप्रमाणे. लहान क्रमांक आधी."

"एकच तारीख किती वेळा येते?"

खरं होतं ते मी सांगितलं. आमचा नोंद घेणारा माणूस गावात आठवड्यातून एकदा जाई आणि आठवड्याच्या सगळ्या लागणी त्या एकाच तारखेला लिही. पाणी सुटलं की सारं गाव एकाच आठवड्यात ऊस लावी, त्यामुळं तारखा बहुतेक सारख्याच असायच्या. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजे लहान नंबरवाली, कारखाना काढणारी घराणी दरसाल पहिली! चांगलंय की गड्या!" सांगलीकडच्या माणसांना ऊस समजावून सांगावा लागत नाही. सभागृह हसलं. मला भिंतीवर फक्त ती एक ओळ दिसत होती. क्रम काहीतरी लावायचा म्हणून मी विचार न करता लिहिलेली.

हसणं थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, "चूक कुणाचीही होते. एक वर्ष लहान क्रमांक आधी घ्या, पुढच्या वर्षी मोठा." ज्या बाईंवर मी चोरीचा संशय घेतला, त्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

परतल्यावर अधिकाऱ्यांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "कुणाला कळलंय? राहू द्या."

"तुम्हाला माहीत होतं का, साहेब?"

त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि पुढची फाइल ओढली. आजही मला त्याचं उत्तर ठाऊक नाही.

"सांगलीत भरल्या सभागृहानं बघितलंय," मी म्हणालो. तीन दिवसांनी त्यांनी होकार दिला, आणि मी ती ओळ बदलली: आजवर लहान क्रमांक आधी होता, म्हणून यंदा मोठा.

त्या हंगामाची यादी लागली आणि गावात पहिला नंबर आला वडिलांचा. दुपारपर्यंत खिडकीशी गर्दी. "बाप वर काढला रं!" "मशीनलाबी आता पाव्हणे झाले व्हय?" माझंच वाक्य माझ्या तोंडावर आलं. मी प्रोग्रामच्या त्या ओळी कागदावर छापल्या, खाली मराठीत अर्थ लिहिला, आणि यादीशेजारी चिकटवल्या.

वडील संध्याकाळी आले. त्यांच्या चेहऱ्यावरही इतरांसारखाच संशय होता. चष्मा लावून, बदलीचा हुकूम वाचावा तसा त्यांनी तो कागद वाचला, दोनदा.

"म्हंजे फुडल्या साली आपण परत तळाला?"

"व्हय."

"लिवलंय तसंच हुनार? तू मधी कायबी करनार न्हाईस?"

"न्हाई."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि मागं उभ्या असलेल्यांना कागद दिसावा म्हणून बाजूला झाले.