मॉरिशसच्या आजोबांची उठबस

आमच्या मुलुंडच्या घरात एक भाषा मरायला टेकली होती, आणि तिला वाचवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझे फ्रेंचचे फक्त सहा धडे झाले होते.

भाषा होती मालतीकाकूची. काकू मॉरिशसची. तिचे पणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात गेले. पुढे आमचा काका बोटीवर नोकरी करताना तिकडे गेला आणि चक्क बायको घेऊन आला. (एरवी त्याला सांगितलेली कोथिंबीरही आणायची आठवण राहत नसे!) काकूला मराठी येत होतं, पण तिची खरी भाषा क्रिओल. फ्रेंचच्या पोटी जन्मलेली, मळ्यातल्या माणसांनी वाढवलेली. बिल्डिंगमधल्या बायका हसायच्या, म्हणून तिनं ती चारचौघांत बोलणं सोडलं होतं.

आणि पत्र आलं, काकूचे वडील येतायत! सात वर्षांनी!

"बाबांना मराठी भजनापुरतं येतं," काकू डोळे पुसत म्हणाली. "चारचौघांत नातीशी बोलणार कसे?"

नात म्हणजे मिनू, वय वर्षं सहा.

"काकू, मी आहे ना!" मी म्हणाले. अकरावीत मार्क मिळतात म्हणून मी फ्रेंच घेतलं होतं. फ्रेंच काय नि क्रिओल काय, एकच, असं माझं ठाम मत होतं. (माझी सगळीच मतं तेव्हा ठाम होती.)

मग रोज दुपारी आम्ही तिघी गॅलरीत. समोरचा डोंगर उन्हात विरघळत असायचा. मिनू आईच्या मांडीवर पेंगत असायची. काकू मेथी निवडत एकेक शब्द सांगायची. "दिलो," म्हणजे पाणी. "लापली," म्हणजे पाऊस. शब्द उच्चारला की तिचा हात थांबायचा, मेथीची काडी बोटांत तशीच राहायची, आणि ती कुठल्या कुठे निघून जायची. उसाचं रान, पलीकडे निळा समुद्र, पत्र्याच्या छपरावर उतरलेली संध्याकाळ. तिच्या आवाजाबरोबर मीही तरंगत निघायचे. मुलुंड खाली कुठेतरी राहायचं...

आणि अर्ध्या वाटेत मला पुस्तक आठवायचं!

"काकू, 'दिलो' चूक आहे गं! पाण्याला नुसतं 'लो' म्हणतात!"

"असेल बाय. मी कुठे शाळेत शिकले?"

असं करत महिन्याभरात मी काकूच्या भाषेतले सगळे शब्द दुरुस्त केले. एकही शिल्लक ठेवला नाही. मिनूकडून मात्र सहाच्या सहा धडे पोपटासारखे पाठ करून घेतले.

आजोबा आले. काळा कोट, हातात हॅट, काकूसारखेच डोळे. त्यांना खुर्चीत बसवून काका टॅक्सीतलं सामान आणायला खाली गेला. दारात शेजारपाजार जमला. मी मिनूला पुढे ढकललं.

"बाँझूर, मस्यो!" मिनू खणखणीत ओरडली. नमस्कार, साहेब!

आजोबा ताडकन उभे राहिले! कोटाची बटणं लावली, मान खाली घातली आणि म्हणाले, "वी, मस्यो." होय, साहेब.

"बघ, किती खूश झाले!" मी काकूच्या कानात म्हटलं. जन्मभर त्यांनी मळ्यावर काम केलं होतं आणि हे असलं फ्रेंच तिथं फक्त साहेब बोलायचा, हे मला कुणी सांगितलं असतं तर!

"आसेये-वू!" मिनू. बसा. आजोबा बसले.

"लव्हे-वू!" उठा. आजोबा उठले. वर्गात बाई आम्हाला जे हुकूम द्यायच्या, तोच आमचा दुसरा धडा होता.

"फर्मे ला पोर्त!"

आजोबांनी निमूटपणे जाऊन शेजाऱ्यांच्या तोंडावर दार लावलं आणि वर कडीही घातली. ती कडी आम्ही वर्षभर लावली नव्हती, कारण लावली की निघत नसे!

"अरे, दार उघडा!" बाहेरून काका. त्याच्या दोन्ही हातांत बॅगा. "माझाच सासरा मला घरात घेत नाही?"

मी कडी ओढतेय, शेजारी दार ढकलतायत, मिनू घाबरून तिसरा धडा म्हणतेय, आणि सत्तरीचे आजोबा हुकमाप्रमाणे खिडकी उघडायला स्टुलावर चढतायत!

"आयो पापा!" काकू एवढ्यांदा ओरडली की दाराबाहेरचेही गप्प झाले. "की ऊ पे फेर?" काय करताय तुम्ही? मग काकू जी सुटली! सात वर्षं कोंडलेली भाषा धबाधबा बाहेर पडली. त्यातला एक शब्दही माझ्या पुस्तकात नव्हता.

मिनूनं आईच्या साडीत तोंड खुपसलं आणि रडत म्हणाली, "आई, मो पेर!" मला भीती वाटते.

आजोबा स्टुलावरून उतरले. हॅट बाजूला ठेवली, खाली जमिनीवर बसले आणि हात पसरले. "पा पेर, मो तिफी." घाबरू नको, पोरी. मिनू सरळ त्यांच्या कुशीत! रोज झोपवताना काकू तिच्याशी त्याच भाषेत बोलायची, हे मला तेव्हा कळलं. मिनूला सगळं येत होतं. फक्त मी विचारलं नव्हतं.

सुताराला बोलावून काकाला आत घेतलं. आजोबा महिनाभर राहिले. रोज दुपारी मिनू मला शिकवायची, आजोबा हसायचे आणि मी मन लावून शिकायचे.

इतकं मन लावून, की वार्षिक तोंडी परीक्षेत मी बाईंना अस्खलित क्रिओल ऐकवलं आणि नापास झाले. आमच्या घरात फ्रेंच विषय घेऊन शिकलेली मी एकटीच, आणि फ्रेंचमध्ये नापास झालेलीही मी एकटीच!