माख्तेल्टच्या गुच्छातली रिकामी जागा

होर्न बंदराच्या धक्क्यावर माझ्या हेरिंग माशांच्या टोपल्या मांडलेल्या असत, आणि समोरच वरच्या मजल्यावर माख्तेल्टची खिडकी. त्यामुळे तिच्याकडे कोण येतं-जातं, हे मला न विचारताच कळे. येणारा होता एकच. खोव्हर्ट माळी. विधुर, अबोल, कान सुपाएवढे. दर शनिवारी एक फूल घेऊन यायचा, एक पेला बिअर पिऊन जायचा.

माख्तेल्टला आईबाप नाहीत, नवरा नाही. ती फुलांचे गुच्छ रंगवी. एप्रिलची ट्यूलिप नि जुलैचा गुलाब एकाच फुलदाणीत. सगळेच चितारी तसं करतात, पण जुन्या रेखाटनांवरून. हिला प्रत्येक फूल समोर ताजं हवं. ते फुलेपर्यंत चित्रात त्याची जागा कोरी. एकेका चित्राला वर्ष लागे.

"बाकीचे महिन्यात दोन गुच्छ उरकतात गं," मी म्हणायची.

"उरकू देत, ब्रेख्त्ये मावशी."

एकदा पाहिलं, तर जूनमध्ये रंगवलेली लिली जुलैत खरवडून टाकलेली!

"पाकळी बिघडली होती," ती म्हणाली, आणि गाजरासारखी लाल झाली.

पाकळी कसली बिघडते! चित्र पुरं झालं की शनिवार संपले, एवढं न कळायला मी काय दुधखुळी होते?

कळलं ते पोटात ठेवलं असतं तर मी ब्रेख्त्ये कसली. पुढच्या शनिवारी खोव्हर्ट पांढरा गुलाब घेऊन निघाला. चार-पाच गिऱ्हाइकं होतीच. मी ओरडले, "काय रे खोव्हर्ट, किती फुलं वाहणार? तू परत यावास म्हणून ती रंगवलेली खरवडते, ठाऊक आहे का?"

बायका पोट धरून हसल्या. त्याचे कान पेटले. गुलाब माझ्या टोपलीवर ठेवून तो आल्या वाटेनं परत गेला.

मीच तो गुलाब घेऊन वर गेले. टेबलावर दोन पेले भरून ठेवलेले.

"खोव्हर्टनं पाठवलाय. त्याला काम निघालं."

तिनं फूल नाकाशी नेलं. "याला हेरिंगचा वास येतोय, मावशी." एवढंच. खिडकी उघडीच होती.

तो पुन्हा आला नाही. तिनं सहा शनिवार दोन पेले भरले, मग एक.

चित्रात उरलेल्या कोऱ्या जागेत तिनं फूल काढलंच नाही. मागचा काळा रंग पुढं ओढून घेतला. चित्र आता नगराध्यक्षांच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे म्हणतात, काय खोल काळोख साधलाय! मी मासे द्यायला जाते तेव्हा फुलांकडेच बघते.