पुढच्या अपडेटला येईल

"येईल भाऊ, पुढच्या अपडेटला येईल."

हे म्हणताना तो खिशातून पांढरा रुमाल काढायचा, फोनची काच पुसायचा आणि तो दोन्ही हातांनी गिऱ्हाइकापुढे धरायचा, प्रसादाची वाटी धरावी तसा. जळगावातल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही कुणी "येईल" म्हणालं की डोकं तापतं.

तुमच्या गावातही फोन कंपनीचा असा कुणी माणूस येऊन गेला असेल. निळा शर्ट, छातीवर कंपनीचं चिन्ह, खांद्याला बॅग. आमचा दर मंगळवारी धुळ्याहून एसटीने यायचा. कंपनीही साधीसुधी नव्हती. घरोघरच्या आणि कचेऱ्यांतल्या कॉम्प्युटरवर तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. आता तिला फोनमध्येही तेच राज्य हवं होतं. हा माणूस आधी धुळ्यात कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा, म्हणून मी त्याला सर म्हणायचो.

"भाऊ, हिच्याच प्रोग्रॅमवर मी अर्ध्या धुळ्याला अर्ज टाइप करायला शिकवलं," तो सांगायचा. "माझं घर उभं राहिलं त्यावर. ही कंपनी फोनमध्ये हरेल?"

मी हातगाडीवर कव्हरं विकत वर आलेला माणूस. मला कुणी सहज गुंडाळत नाही. त्याच्याशी मी दोन मंगळवार घासाघीस केली. कमिशन वाढवून घेतलं, प्रत्येक फोनमागे कव्हर फुकट काढलं, दुकानाची नवी पाटी आणि तिच्यावरचे दिवेसुद्धा कंपनीच्या गळ्यात मारले. तो घाम पुसत म्हणाला, "भाऊ, तुम्ही मला विकून खाल." मी खूश! पण एवढ्या घासाघिशीत एक प्रश्न विचारायचा राहिला. या फोनमध्ये चालतं काय काय?

फोन वाईट नव्हता, हे आजही सांगतो. देखणा, मजबूत, फोटो सुरेख. पडद्यावरचे रंगीत चौकोन आपोआप उलटायचे. ओळखीच्या पंधरा-वीस गिऱ्हाइकांना मीच गळ घातली. "माझ्या शब्दावर घ्या."

त्यातले एक पाचोऱ्याकडचे केळीवाले नाना. महिन्याभरात परत आले आणि फोन काउंटरवर ठेवला.

"भाऊ, यामा बँकनं ॲप नही शे. बठ्ठासना फोनमा शे, मना फोनमाच नही."

नेमका मंगळवार होता. रुमाल बाहेर आला. "येईल नाना, पुढच्या अपडेटला येईल."

नानांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, "मी याले वळखत नही. तुना तोंडकडे देखीसनी लिधा मी."

माझ्या तोंडाकडे बघून घेतला, हे लागलं. बाजारात मी तोंडावरच उभा आहे. दुसरं भांडवल माझ्याकडे कधीच नव्हतं.

मग मी सरांना यादी द्यायला लागलो. बँकेचं हवं, रेल्वेच्या तिकिटाचं हवं, पोरांचे खेळ हवेत. तो डायरीत लिहून घ्यायचा आणि वर पाठवायचा. तीन आठवड्यांनी वरून आलं काय, तर बॅनर. दुसरी यादी पाठवली, आणखी मोठं बॅनर आलं. तिसऱ्या वेळी माणसाएवढा पुठ्ठ्याचा फोन आला.

"सर, मी बँकेचं ॲप मागितलं होतं."

"वर कळवलंय भाऊ."

"वर वाचतं कोण?"

तो पुठ्ठ्याच्या फोनवरची धूळ पुसत राहिला.

एकदा मी त्याला हाताला धरून भाजीबाजारात नेलं. तिथे विक्रेत्यांसाठी सिमेंटचे छान ओटे बांधलेत, वर पत्रा आहे. ओट्यांवर कुत्री झोपलेली आणि भाजीवाल्या बायका रस्त्यावर, उन्हात. मी मेथीवाल्या अक्कांना विचारलं, "ओट्यावर का बसत नाही?"

"तिथं गिऱ्हाईक येत नाही."

"का येत नाही?"

"आम्ही बसत नाही ना तिथं!" अक्का माझ्या अकलेला हसल्या.

"ऐकलंत सर? ॲप बनवणारे म्हणतात गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक म्हणतं ॲप नाही. तुमच्याशी स्पर्धा करणाऱ्या समोरच्या कंपनीने फोन बनवणाऱ्यांना आपला प्रोग्रॅम फुकट दिला, रस्ता भरून गेला. तुमची उशिरा आली आणि वर भाडं मागत बसली. कॉम्प्युटरवर सगळं जग तिच्या दारात चालत यायचं. जिला कधी घासाघीस करावी लागली नाही, तिला गिऱ्हाईक कसं कळणार?"

त्याने रस्त्यातच उभं राहून सगळं लिहून घेतलं. वर पाठवलंही. बॅनर आलं.

आणि एक दिवस अपडेट खरंच आलं, पण नव्या फोनांसाठी. आमचे जुने त्यात बसत नव्हते. जुने म्हणजे किती, तर दीड वर्षाचे! त्या मंगळवारी दुकान भरलेलं होतं. मी शोकेसमधला फोन उचलला आणि काउंटरवर आपटला. "घे तुझं अपडेट! तू खोटा, तुझी कंपनी खोटी. माझं तोंड काळं केलंस तू." तोवर मी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

त्याने फोन उचलला, पुसला, जागेवर ठेवला. ते वाक्य मात्र म्हणाला नाही.

पुढच्या मंगळवारी आला तेव्हा अंगात साधा चौकड्यांचा शर्ट होता. "भाऊ, फोन घेतलेल्यांची नावं-गावं द्या."

"कशाला? आणखी एक बॅनर लावायला?"

मी नावांचा कागद लिहून त्याच्या अंगावर भिरकावला. "जा, शिव्या खाऊन ये." त्याने कागदाची नीट घडी केली आणि गेला. पुन्हा आला नाही. त्या फोनांचं सगळंच काम कंपनीने गुंडाळत आणल्याचं मागाहून कळलं.

दोनेक महिन्यांनी नाना आले. हातात समोरच्या कंपनीचा साधा फोन, चेहरा खुशीत.

"तुना माणूस येल व्हता घर. पोऱ्याना हा फोन पडेल व्हता, त्यामा बठ्ठा नंबर, फोटो उतारी दिधात. बँकनं बी चालू करी दिधं. मी म्हनं, कोनी धाडं तुले? म्हने, माले भाऊनी धाडेल शे." नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शब्दना पक्का शे तू."

दुकानात चार गिऱ्हाइकं ऐकत होती. मी म्हणालो, "हो नाना. मीच पाठवला होता."

नंतर कळलं, जामनेरपासून शिरपूरपर्यंत तो प्रत्येकाच्या घरी गेला होता. पगार बंद, शर्ट काढून घेतलेला, आणि दारोदार माझं नाव सांगत होता. त्याचा नंबर लावला, बंद. धुळ्याला गेलो तेव्हा क्लासच्या जागी झेरॉक्सचं दुकान होतं. सर कुठे गेले, कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या कंपनीवरचा राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही. पण आपटलेला तो फोन मी विकला नाही, ड्रॉवरमध्ये आहे. परवा मंगळवारी काढून चार्जिंगला लावला. रंगीत चौकोन अजून उलटतात. काचेवर धूळ होती. पुसायला खिसे चाचपले; मी रुमाल ठेवतच नाही.